स्पिटफायरच्या मागच्या सीटवर बसायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडात पैसे भरून दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानात बसता येतं, हे एकदा कुणाला कळलं की प्रश्नांची रांग लागते. स्लाव-हॅरोच्या मराठी घरांतून येतात, उन्हाळ्यात मुलाकडे आलेल्या ठाण्या-पुण्याच्या आईबाबांकडून येतात, आणि निम्मे प्रश्न तेच ते असतात. म्हणून उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवली आहेत. दर आणि अटी बदलत राहतात, त्या बुकिंगच्या दिवशी पुन्हा बघा.

१. नेमकं काय असतं? विमान मी चालवणार की नुसतं बसणार?

तुम्ही प्रवासी. पुढच्या कॉकपिटमध्ये पायलट, मागच्यात तुम्ही. दोघांच्या कानाला हेडसेट असतो, त्यामुळे गप्पा मारता येतात. अर्ध्या तासाच्या उड्डाणासाठी अर्धा दिवस मोडतो: हजेरी, सुरक्षेची माहिती, कागदावर सही, उड्डाणाचा सूट, पॅराशूट आणि मग बहुतेकदा ढग हलायची वाट. विमान चालवायची दांडी हातात मिळते का, ते प्रश्न १४ मध्ये.

२. स्पिटफायर तर एकट्या पायलटचं विमान ना? मग दुसरी सीट आली कुठून?

५ मार्च १९३६ रोजी पहिलं स्पिटफायर उडालं. १९४८ पर्यंत कारखान्यातून जी वीस हजारांवर स्पिटफायर बाहेर पडली ती एकसीटीच. युद्धानंतर, १९४६ मध्ये, सुपरमरीन कंपनीने नवशिक्या वैमानिकांसाठी दोन सीटचा पहिला नमुना केला, क्रमांक एमटी ८१८. पुढचं कॉकपिट आणखी थोडं पुढे सरकवलं आणि त्याच्या मागे, जरा उंचावर, दुसरं बसवलं. ब्रिटिश हवाई दलाने त्यात रस घेतला नाही. अशी विमानं विकत घेतली ती परदेशी हवाई दलांनी: आयर्लंडने ६, नेदरलँड्सने ३, इजिप्तने १ आणि भारताने १०. म्हणजे दोन सीटच्या स्पिटफायरचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आपणच होतो, हे इथल्या विमानप्रेमींनाही सांगावं लागतं.

आयर्लंडच्या सहापैकी एमएल ४०७ हे विमान आजही माहीतगारांच्या तोंडी असतं. ६ जून १९४४ रोजी, दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या त्या दिवशी, तिथे त्यांनी पाडलेल्या पहिल्या शत्रुविमानाचं श्रेय याच विमानाला आणि त्याचा न्यूझीलंडचा वैमानिक जॉनी हूल्टन याला दिलं जातं. पुढे ते आयर्लंडसाठी दोन सीटचं झालं. निक ग्रेस यांनी त्याची डागडुजी करून १९८५ मध्ये ते पुन्हा उडवलं. त्यांच्या अपघाती मृत्यूनंतर त्यांच्या पत्नी कॅरोलिन ग्रेस यांनी स्वतः स्पिटफायर उडवायला शिकून पुढची कित्येक वर्षं ते सांभाळलं.

आज प्रवासी घेणारी काही विमानं मात्र मुळात एकसीटी होती आणि डागडुजीच्या वेळी दोन सीटची केली गेली. कारण सरळ आहे, मागची सीट विमानाचा खर्च भरून काढते.

३. विमान खरंच युद्धातलं असतं की जुन्या नावाखाली नवीन बांधलेलं?

दोन्ही, आणि यावर विमानप्रेमींची भांडणं कधी संपत नाहीत. विमानाची ओळख त्याच्या कागदपत्रांवर आणि अंगावरच्या ओळखपट्टीवर चालते. पत्रा मात्र गंजतो, रिव्हेट सैल होतात, पंखाचा कणा असलेल्या एकात एक बसवलेल्या चौकोनी नळ्या थकतात. उडणाऱ्या विमानात यातलं बरंचसं नवीन असतं आणि ते जुन्याच आराखड्यांबरहुकूम बनवलेलं असतं. मूळ रिव्हेट बघायचे असतील तर संग्रहालयात जावं. ज्या पंखावर माझा जीव टांगलेला असणार, त्याचा कणा ऐंशी वर्षांपूर्वीचा नसलेलाच बरा.

यातही भारताचा धागा आहे. १९७० च्या दशकात आपल्याकडच्या तळांवर उभी असलेली बरीच स्पिटफायर परदेशी संग्राहकांनी विकत घेऊन इंग्लंडला नेली, आणि त्यातली काही पुन्हा उडाली.

४. कुठून उडता येतं? कोणती जागा चांगली?

मुख्य नावं चार: लंडनच्या दक्षिणेला बिगिन हिल, केंटमध्ये हेडकॉर्न, चिचेस्टरजवळ गुडवुड आणि केंब्रिजजवळ डक्सफर्ड.

इतिहास हवा असेल तर बिगिन हिल. ऑगस्ट १९४० च्या शेवटी या तळावर जर्मनांनी लागोपाठ बॉम्ब टाकले, माणसं गेली, तरी तळ चालू राहिला. शेजारी स्मृतिप्रार्थनाघर आहे, वाट बघण्याचा वेळ तिथे सत्कारणी लागतो. डक्सफर्डला स्पिटफायर सगळ्यात आधी, १९३८ मध्ये, दाखल झालं, आणि तिथलं संग्रहालय बघायला एक दिवस पुरत नाही. सोबत लहान मुलं असतील तर डक्सफर्डच घ्या, तीन तास वाट बघताना ती वैतागणार नाहीत.

वरून दिसणाऱ्या देखाव्यासाठी माझं मत गुडवुडला. हिरवळीची धावपट्टी, उठल्याबरोबर एका बाजूला साउथ डाउन्सच्या टेकड्या, दुसऱ्या बाजूला खाड्या, पुढे आइल ऑफ वाइट. हेडकॉर्नहून लांबचं उड्डाण घेतलंत तर डोव्हरचे पांढरे कडे दिसतात. केंब्रिजकडचा मुलूख सपाट शेतांचा, तिथे डोळ्यांना कमी मिळतं.

५. खर्च किती येतो?

अर्ध्या तासाला साधारण तीन हजार पौंड धरा. रुपयांत तीन लाखांच्या वर. लांबचं उड्डाण त्याहून बरंच महाग. चित्रफीत, सोबतच्या पाहुण्यांचं खाणंपिणं, कधी विम्याची रक्कम हे दरात धरलेलं असतं का, हे आधी विचारून घ्या.

इतके पैसे कशाला लागतात? मर्लिन इंजिन २७ लिटरचं, बारा सिलिंडरचं. ते पेट्रोल तर पितंच, शिवाय ठरावीक तासांनंतर पूर्ण उघडून पुन्हा बांधावं लागतं, आणि ते काम करणारे हात जगात मोजके आहेत. स्वस्त पर्याय प्रश्न २५ मध्ये.

६. वीस मिनिटं घ्यावीत, तीस की त्याहून जास्त?

तीस. वीस मिनिटांत चढणं-उतरणं वजा करता हाती फार थोडं उरतं, आणि पहिली पाच मिनिटं तर माणूस भांबावलेलाच असतो.

त्या पाच मिनिटांत काय होतं ते सांगतो, म्हणजे निसटणार नाही. तुमचे पट्टे आवळून झाल्याशिवाय पायलट इंजिन सुरूच करत नाही, कारण स्पिटफायर जमिनीवर उभं राहिलं की इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं तापमान भराभर चढतं. इंजिन पेटताना धुरांड्यांतून धुराचा लोट येतो आणि पेट्रोल-तेलाचा वास थेट नाकात शिरतो. मग विमान नागमोडी चालत धावपट्टीकडे जातं. नाक इतकं लांब आणि वर उचललेलं असतं की पायलटला समोरचं काही दिसत नाही, म्हणून तो डावी-उजवीकडे वळत रस्ता बघतो. उड्डाणानंतर लगेच विमान हलकेच डुलल्यासारखं वाटेल. घाबरू नका. चाकं आत घ्यायचा खटका उजव्या हाताला असतो, म्हणून पायलट त्या क्षणी दांडी उजव्या हातातून डाव्या हातात घेतो. हे डुलणं १९४० मधल्या पोरसवदा वैमानिकांनाही चुकलं नव्हतं.

७. हे सुरक्षित आहे का? खरं सांगा.

मुंबई-लंडन विमानाइतकं सुरक्षित नाही, आणि तसं कुणी म्हणत असेल तर त्याच्याकडे बुकिंग करू नका. एक इंजिन, १९३० च्या दशकातला आराखडा, शेपटीला छोटं चाक आणि पुढची चाकं एकमेकांच्या फार जवळ. या विमानांना प्रवासी विमानासारखं पूर्ण उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र नसतं, ‘परमिट टू फ्लाय’ असतं.

जुन्या विमानांतल्या दोन मोठ्या अपघातांबद्दल माहीत असावं. ४ ऑगस्ट २०१८ रोजी स्वित्झर्लंडच्या डोंगरात १९३९ मध्ये बांधलेलं युंकर्स ५२ कोसळलं, आतले वीसही जण गेले. तपासात बोट ठेवलं गेलं ते वैमानिकांच्या धोकादायक उड्डाणपद्धतीवर. २ ऑक्टोबर २०१९ रोजी अमेरिकेत कनेटिकटमध्ये बी-१७ बॉम्बर विमान उतरताना कोसळलं. तेरापैकी सात जण गेले, त्यांत पाच प्रवासी. इंजिनांची ताकद गेल्यावर विमान नीट हाताळलं गेलं नाही, देखभालही अपुरी होती, असं तपासयंत्रणेने नोंदवलं आणि त्या संस्थेची प्रवासी घेण्याची परवानगी काढून घेतली गेली.

दोन्ही वेळा नुसतं म्हातारं विमान दोषी नव्हतं, माणसं आणि त्यांची शिस्त कमी पडली होती. म्हणून विमान किती जुनं, यापेक्षा ऑपरेटर कोण, हे जास्त विचारा. हवा बिघडली की पैसे आणि वेळ यांची पर्वा न करता उड्डाण रद्द करणारा ऑपरेटर चांगला. तुमच्या प्रश्नांना कंटाळणारा वाईट.

८. उडण्याआधी सही घेतात त्या कागदात काय असतं?

ब्रिटनच्या सिव्हिल एव्हिएशन ऑथॉरिटीने या उड्डाणांसाठी वेगळी चौकट केली आहे. तिचा गाभा एवढाच: हे विमान प्रवासी वाहतुकीच्या नेहमीच्या सुरक्षा निकषांत बसत नाही, हे ऑपरेटरने तुम्हाला स्पष्ट सांगायचं आणि ते समजून-उमजून तुम्ही लेखी संमती द्यायची. ऑपरेटरकडे ही परवानगी आहे का, हे बुकिंगआधी विचारण्यात संकोच कसला?

आपल्याकडे बँकेत जिथे फुली असेल तिथे सही करायची सवय असते. इथे तसं करू नका. कागद आदल्या दिवशी मागवून घ्या, रात्री शांतपणे वाचा, घरच्यांनाही वाचायला द्या. वाचून मन मागे आलं तर न उडणं हा पूर्ण शहाणपणाचा निर्णय आहे. त्या वेळी पैसे किती परत मिळतात, हेही आधीच विचारलेलं असावं.

९. पॅराशूट कशाला देतात? पायलटला काही झालं तर मी काय करायचं?

पॅराशूट तेवढ्यासाठीच. तुम्ही त्याच्यावरच बसता किंवा ते पाठीवर असतं, आणि जमिनीवर असतानाच क्रम पाठ करून घेतला जातो: काचेचं झाकण सोडायचं, पट्ट्यांचं कुलूप उघडायचं, बाहेर पडायचं, मग दोरी ओढायची. हेडसेटची वायर आणि दोन वेगळे पट्टे (एक सीटचा, एक पॅराशूटचा) यांत गोंधळ होतो, म्हणून कोणता कुठला हे स्वतःच्या हाताने चाचपून बघा.

पायलट बेशुद्ध पडला तर मी विमान उतरवीन, या भ्रमात राहू नका. नवशिक्याने स्पिटफायर उतरवणं हे सिनेमातच होतं. दुसरी बाजूही सांगायला हवी: इंजिन बंद पडलं तर उडी मारण्याची वेळ येईलच असं नाही. पायलट बहुधा एखाद्या शेतात विमान पोटावर उतरवायचा विचार आधी करतो.

१०. वजन, उंची आणि वयाची अट काय?

वजनाची मर्यादा बहुतेक ठिकाणी १०० ते ११० किलोच्या आसपास, उंचीची सहा फूट चार-पाच इंच. त्या दिवशी काट्यावर उभं करतात, कपड्यांसकट. काटा पुढे गेला तर घासाघीस चालत नाही, कारण प्रश्न पॅराशूटचा आणि विमानाच्या तोलाचा असतो.

कमाल वय ठरलेलं नसतं. सत्तरी-ऐंशीचे लोक उडतात. लहान मुलांचं वेगळं आहे: संमती ही कायदेशीर गोष्ट असल्याने १८ वर्षांखालच्या मुलासाठी ऑपरेटरकडून लेखी उत्तर घ्या, दुसऱ्या कुणाला परवानगी मिळाली होती यावर जाऊ नका.

११. बाबांना रक्तदाब आहे, आईचे गुडघे दुखतात. चालेल का?

औषधाने आटोक्यात असलेल्या रक्तदाबाला सहसा हरकत नसते, पण लपवू नका. हृदयविकार, फिट येणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण यांत डॉक्टरांचं आणि ऑपरेटरचं दोघांचंही मत हवं. मधुमेह असेल तर वाट बघण्यात जेवणाची वेळ टळते हे लक्षात ठेवून खाणं जवळ ठेवा (जमिनीवर, विमानात नाही).

गुडघ्यांचं मात्र खरंच बघायला हवं. डाव्या पंखाच्या मुळाशी पाय ठेवून वर चढायचं, खुणेच्या पट्टीबाहेर पाऊल पडू द्यायचं नाही, मग कॉकपिटच्या कडेवरून एक पाय आत टाकून, सीटवर उभं राहून हळूहळू खाली सरकायचं. काही ठिकाणी शिडी देतात. पण शिडीने आत गेलेल्या माणसाला संकटात शिडीशिवाय बाहेर यावं लागतं. घरी एक चाचणी करा: कुणाचाही हात न धरता खुर्चीवर आणि तिथून भक्कम टेबलावर चढता येतं का, आणि उतरता येतं का. जमत नसेल तर प्रश्न २५ मधली विमानं बघा.

१२. सासूबाई नेहमी साडी नेसतात. साडीवर बसता येईल?

नाही. सगळ्यांना उड्डाणाचा सूट चढवावा लागतो आणि तो पायांतून घालायचा असतो. आत सुती सलवार किंवा पँट हवी, नायलॉनसारखं कृत्रिम कापड टाळा. पायात बंद, नाडीचे, सपाट तळव्याचे बूट. ओढणी, स्कार्फ बाहेर. बांगड्या आणि सैल लोंबणारे दागिने काढायला सांगतात. मंगळसूत्र सूटच्या आत नीट बसत असेल तर काही जण हरकत घेत नाहीत, पण ऐनवेळी वाद नको म्हणून आधी विचारा. लांब केस घट्ट बांधा, हेल्मेट बसायला हवं.

१३. मोबाईलने शूटिंग करू का?

मोबाईल जमिनीवरच राहतो. हातातून सुटलेला फोन, नाणं किंवा पेनाचं टोपण कॉकपिटच्या तळाशी जाऊन नियंत्रणाच्या तारांत अडकलं तर विमानच अडकतं. आत पक्के बसवलेले कॅमेरे असतात, त्यांची चित्रफीत मिळते. खिसे रिकामे करताना सूटच्या आतल्या पँटचे खिसे हटकून विसरले जातात.

१४. दांडी हातात देतात का?

बऱ्याचदा देतात, वर स्थिर झाल्यावर आणि हवा शांत असेल तर. पण तो तुमचा हक्क नाही, पायलटची मर्जी आहे. स्पिटफायरच्या दांडीला वर गोल मूठ असते आणि बाजूला झुकताना पूर्ण दांडी न हलता तिचा वरचा भागच वाकतो. नाक वर-खाली करायला ती इतकी हलकी असते की दोन बोटं पुरतात. बाजूला झुकवायला मात्र जोर लागतो. मूठ आवळून धरणारे लोक विमान वर-खाली उडवत नेतात. पायांजवळच्या पेडलना हात, म्हणजे पाय, लावायचा नाही.

१५. मळमळ होते का? विमान उलटं करतात का?

मागितलंत तर आणि पायलटला योग्य वाटलं तर एक ‘व्हिक्टरी रोल’ मिळतो, विमान स्वतःभोवती एक फेरी घेतं. नको म्हटलंत तर कुणी करत नाही. पोटाला त्रास रोलने कमी आणि उन्हाळ्यात काचेखाली साचणाऱ्या उकाड्याने जास्त होतो. सकाळी हलका नाश्ता करा, उपाशी जाऊ नका. पिशवी देतात. नजर खाली सूटच्या चेनकडे न ठेवता क्षितिजावर ठेवा.

१६. आमच्या हॅरोच्या घरावरून फेरी मारतील का? किंवा लंडन ब्रिजवरून?

नाही. एक तर हीथ्रोचं आकाश, दुसरं म्हणजे दाट वस्तीवर एका इंजिनच्या अशा विमानाला मोकळीक नसते. इंजिन गेलं तर उतरायला शेत हवं. म्हणूनच सगळे मार्ग टेकड्या, शेतं आणि समुद्रकाठावरून जातात.

१७. पाऊस आला, वारा सुटला तर? पैसे बुडतात का?

सहसा बुडत नाहीत, पुढची तारीख मिळते. रोख परतावा मात्र क्वचित. ही विमानं नजरेने बघून उडतात, म्हणजे ढग पुरेसे उंच आणि पुढचं स्वच्छ दिसायला हवं. पाऊस थांबला तरी आडवा वारा अडवतो, कारण चाकं जवळ असल्याने विमान उतरताना कलंडण्याची भीती असते. लख्ख उन्हात उड्डाण रद्द झालं म्हणून चिडलेले लोक मी पाहिले आहेत. वाऱ्याकडे त्यांचं लक्षच गेलेलं नसतं. विमानाचं एखादं काम निघालं तरी तारीख पुढे जाते. व्हाउचरची मुदत किती आणि उड्डाण पुढे ढकललं तर ती वाढते का, हे लेखी घ्या.

१८. आम्ही तीन आठवड्यांसाठी भारतातून येतोय. कोणती तारीख घ्यावी?

पहिल्या आठवड्यातली, आणि सकाळची. मग रद्द झालं तर दोन आठवडे हातात राहतात. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीची तारीख कधीही घेऊ नका, त्या दिवशी हमखास ढग उतरतात असा माझा समज आहे. मे ते सप्टेंबर चांगले, पण शनिवार-रविवार लवकर भरतात. व्हिसा हातात येण्याआधी परत न मिळणारे पैसे भरू नका. ऑपरेटरला तुमच्या परतीची तारीख आधीच सांगून ठेवा. काही जण अशा पाहुण्यांना रद्द झालेल्या जागांसाठी वरच्या यादीत ठेवतात.

१९. आमचा प्रवासविमा आणि आयुर्विमा याला लागू होतो का?

लागू होतो असं गृहीत धरू नका. भारतीय अपघात विम्यात आणि प्रवासविम्यात बहुधा नियमित विमानसेवेचा प्रवासी सोडून इतर हवाई धाडस वगळलेलं असतं. पॉलिसीच्या अपवादांच्या पानावर शोधा आणि कंपनीला ईमेलने विचारा: ‘परमिटवर उडणाऱ्या जुन्या लष्करी विमानात प्रवासी’ या शब्दांत. एजंटचं तोंडी ‘होऊन जाईल’ चालणार नाही.

२०. बाबांच्या साठीला सरप्राइज द्यायचंय. त्यांना न सांगता नेता येईल?

भेट द्या, सरप्राइज देऊ नका. प्रश्न ८ मधली संमती त्यांची स्वतःची असायला हवी, आणि चारचौघांत, केक कापून झाल्यावर, मुलाने तीन हजार पौंड भरलेत हे कळल्यावर कुठले बाबा ‘मला भीती वाटते’ म्हणणार आहेत? व्हाउचर आठवडाभर आधी हातात द्या. वजनाचा आकडाही तुम्हाला वाटतो तोच असेल असं नाही.

२१. आम्हा दोघांना एकत्र बसता येईल का?

एका विमानात एकच प्रवासी. दोन विमानं जवळजवळ उडवायची सोय काही ठिकाणी असते, पण खर्च दुप्पट होतो. मधला मार्ग म्हणजे एक जण स्पिटफायरमध्ये आणि दुसरा बाजूने उडणाऱ्या साध्या विमानात किंवा हेलिकॉप्टरमध्ये. फोटोच्या दृष्टीने दुसऱ्याला मिळणारा देखावा जास्त चांगला, कारण स्पिटफायरचे ते लंबवर्तुळाकार पंख आतून पूर्ण दिसत नाहीत.

२२. आईला इंग्रजी जेमतेम येतं. अडचण येईल का?

येऊ शकते. दुभाषा विमानात बसत नाही. सुरक्षेची माहिती समजली आहे, याची खात्री पायलटला पटली पाहिजे, नाहीतर तो नेणार नाही आणि त्याचं बरोबर असेल. संकटात येणारे इंग्रजी हुकूम मोजके असतात. ते शब्द आधी मागवून घ्या आणि घरी आईकडून प्रत्येक शब्दाला कृती करून घ्या. अर्थ सांगता येण्यापेक्षा हात योग्य जागी जाणं महत्त्वाचं.

२३. इंग्रजांच्या युद्धाचं विमान. आपला काय संबंध?

हा प्रश्न टोमणा म्हणून येतो, पण उत्तर मोठं आहे. ब्रिटिश हवाई दलातल्या स्पिटफायरच्या तुकड्यांची नावं वाचा: १२२ (बॉम्बे), १३२ (सिटी ऑफ बॉम्बे), १२४ (बडोदा). ही नावं देणग्यांतून आली. बडोद्याचं नाव गायकवाडांच्या देणगीमुळे लागलं. त्या काळी एका स्पिटफायरची ‘देणगी किंमत’ ५,००० पौंड ठरवलेली होती आणि संस्थानांपासून गावोगावच्या फंडांपर्यंत लोक पैसे पाठवत होते. किती राजीखुशीने आणि किती कलेक्टरच्या दबावाने, हा वेगळा विषय. ही १२४ बडोदा तुकडी १९४१-४२ मध्ये बिगिन हिललाच होती, जिथून आज तुम्ही तिकीट काढून उडता.

माणसंही होती. १९४० मध्ये भारतातून २४ वैमानिक इंग्लंडला आले. त्यांतले मोहिंदरसिंग पुज्जी पगडी बांधून हरिकेन हे लढाऊ विमान उडवत. त्यांचा पुतळा केंटमध्ये ग्रेव्हझेंडला आहे, बिगिन हिलहून गाडीने फार लांब नाही. भारतीय हवाई दलाच्या ८ क्रमांकाच्या तुकडीने ब्रह्मदेशच्या आघाडीवर स्पिटफायर उडवली, आणि १९४७ मध्ये काश्मीरच्या लढाईत स्पिटफायर श्रीनगरहून आपल्यासाठी लढली.

२४. भारतात असं काही करता येतं का?

सामान्य माणसाला तिकीट काढून, नाही. हवाई दलाचा स्वतःचा जुन्या विमानांचा ताफा आहे: टायगर मॉथ आणि हार्वर्ड ही प्रशिक्षणाची विमानं, आणि २०१८ मध्ये राजीव चंद्रशेखर यांनी भेट दिलेलं डकोटा हे मालवाहू विमान, ‘परशुराम’. त्यावरचा व्हीपी ९०५ हा क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या डकोटाच्या आठवणीसाठी घेतलेला. ती हवाई दल दिनासारख्या प्रसंगी उडताना दिसतात, प्रवासी घेत नाहीत.

उभी विमानं बघायची असतील तर दिल्लीला पालमच्या संग्रहालयात स्पिटफायर आहे, आणि गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथे सी हॉक, अलिझे आणि भलंमोठं सुपर कॉन्स्टेलेशन हाताच्या अंतरावर बघायला मिळतं.

२५. इतके पैसे नाहीत, किंवा आम्ही अमेरिकेत-कॅनडात राहतो. दुसरं काय आहे?

इंग्लंडात टायगर मॉथ. उघडं कॉकपिट, एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या, काहीशे पौंडांत भागतं. याच विमानावर भारताच्या वैमानिकांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. हार्वर्ड त्याहून दणकट आणि महाग, पण स्पिटफायरपेक्षा पुष्कळ स्वस्त. गुडघे दुखणाऱ्या आईबाबांसाठी डक्सफर्डचं ड्रॅगन रॅपिड उत्तम: आठेक प्रवासी, बंद केबिन, खिडकीची सीट, आणि सगळं कुटुंब एकत्र. लष्करात याचंच नाव डॉमिनी होतं.

टोरांटोकरांनी हॅमिल्टनच्या विमान संग्रहालयाकडे बघावं. जगात उडू शकणारी लँकेस्टर बॉम्बर दोनच, त्यांतलं एक तिथे आहे आणि ते प्रवासी घेतं. दुसरं ब्रिटिश हवाई दलाकडे आहे, ते पैसे देऊनही घेत नाही. चौकशी करून जा, मोठ्या दुरुस्तीत अशी विमानं महिनोन्महिने जमिनीवर असतात. अमेरिकेत दोन सीटची मस्टँग लढाऊ विमानं आणि टी-६ (हार्वर्डचंच अमेरिकी नाव) मिळतात. तिथे नियम वेगळे, प्रत्येक संस्थेला खास सवलतीची परवानगी लागते. ती चालू आहे का, ते विचारा. २०१९ च्या अपघातानंतर (प्रश्न ७) हा प्रश्न कुणाला खटकत नाही.

२६. पैसे भरले आणि ऑपरेटरच बंद पडला तर?

या धंद्यात ही शक्यता धरून चालावं. ब्रिटिश क्रेडिट कार्डने थेट ऑपरेटरला पैसे भरले असतील तर १९७४ च्या ग्राहक पतकायद्याचं कलम ७५ तुमच्या बाजूने आहे: १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीला कार्ड कंपनीही जबाबदार असते. डेबिट कार्डाला हे कलम नाही, भारतीय कार्डालाही नाही. भेटकार्डं विकणाऱ्या मधल्या कंपनीमार्फत घेतलं असेल तर दावा गुंतागुंतीचा होतो. म्हणून भारतातल्या बाबांसाठी बुकिंग असेल, तरी इथे राहणाऱ्या मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या क्रेडिट कार्डने, थेट ऑपरेटरकडे करावं आणि पावतीवर प्रवासी म्हणून बाबांचं नाव घालून घ्यावं.